फोर्टातली रविवारची फेरी: माकडाला पंचवीस मिनिटं, न्यायाधीशाला चार

आधी स्टार सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. बद्रुद्दीन तय्यबजींवरच्या ह्या हेरिटेज वॉकला पाचपैकी साडेतीन. खरं म्हणजे साडेचार देणार होते. त्यातला एक हायकोर्टासमोर गेला, कसा ते पुढे येईलच.

मी मॅजिस्ट्रेट कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक होते. रिटायर झाल्यावर कोर्ट म्हटलं की मी टीव्हीचा चॅनलसुद्धा बदलते. पण भाची लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने माझ्या वाढदिवसाला साडी न देता ह्या वॉकची दोन तिकिटं काढली. माणशी पाचशे रुपये, शेवटी चहा-बनमस्का धरून. विषय होता बद्रुद्दीन तय्यबजी: वकील, मग पुढारी, मग हायकोर्टाचे न्यायाधीश. एकाच माणसाचं आयुष्य फोर्टातल्या चार-पाच इमारतींसमोर उभं राहून सांगायचं, तेही मराठीत. मला कल्पनाच आवडली. हेरिटेज वॉक म्हणजे ‘ही गॉथिक कमान बघा, ती कोरीव जाळी बघा’ असं असतं. दगडाकडे बघून मान दुखते आणि घरी आल्यावर काही आठवत नाही. इथे दगडामागे निदान माणूस होता.

वॉक चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि मुलं मेहनती आहेत.

सव्वासातला लायन गेटसमोर जमायचं होतं. आम्ही सोळा जण. दोघं उशिरा आली म्हणून सगळे वीस मिनिटं ताटकळलो. गाइड पंचविशीतला, गळ्यात छोटा स्पीकर, हातात लॅमिनेट केलेल्या चित्रांची जाड फाइल. स्पीकर सुरुवातीला इतका करकरत होता की रस्त्यावरची कुत्री उठली. पण त्याने पहिलंच वाक्य बोललं आणि मी त्याला दहा मार्क देऊन टाकले. समोरच्या ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगकडे बोट करून म्हणाला, “हायकोर्ट बघायचं असेल तर आधी इथे बघा.”

बरोबर आहे. मुंबईचं हायकोर्ट १८६२ ला स्थापन झालं, पण ओव्हलसमोरची आत्ताची इमारत वापरात आली १८७९ च्या जानेवारीत. मधली सगळी वर्षं कोर्ट ह्याच वास्तूत भरत होतं. इतकी वर्षं तिच्यावरून बसने गेले, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. तय्यबजी लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले १८६७ च्या डिसेंबरात, म्हणजे त्यांची वकिली सुरू झाली ती इथे. मुंबईतला पहिला हिंदी, म्हणजे भारतीय, बॅरिस्टर. वय तेवीस.

इथे गाइडने एक गोष्ट फार छान सांगितली. सोळाव्या वर्षी मुलाला विलायतेला पाठवलं, तिथे डोळे बिघडले, शिक्षण अर्धवट टाकून १८६४ ला परत यावं लागलं. वर्षभराने हा मुलगा पुन्हा बोटीत बसला आणि उरलेलं पुरं करून आला. मी शॉर्टहँडच्या वह्या वाचून वाचून चाळिशीत जाड भिंगं लावलेली बाई. मला तो मुलगा एकदम जवळचा वाटला.

जे त्याने सांगितलं नाही ते मी भाचीला हळूच सांगितलं. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, बॅरिस्टरकडे पक्षकार थेट जात नसे. मध्ये सॉलिसिटर. ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, सॉलिसिटरने द्यायचं, बॅरिस्टरने उभं राहून मांडायचं. आणि सॉलिसिटरच्या पेढ्या होत्या बहुतेक गोऱ्यांच्या. त्यांच्यासमोर गोरा बॅरिस्टर हजर असताना ब्रीफ काळ्याला कोण देणार? पण बद्रुद्दीन यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर होते, विलायतेत ती सनद मिळवणारे पहिले हिंदी. आमच्या कोर्टातल्या शिपायांच्या भाषेत सांगायचं तर घरातच घाऊक आणि घरातच किरकोळ. हे कळल्याशिवाय ‘पहिला हिंदी बॅरिस्टर’ ह्या शब्दांचा अर्थ लागत नाही. हुशारी होतीच, पण पहिली काही वर्षं पोटाला ब्रीफ लागतं. आजही ज्युनियरला लागतंच. भाची गप्प झाली, तिला पुढच्या वर्षी हेच करायचंय.

तिथून काळा घोडा. आणि इथे पहिला खडा दाताखाली आला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीसमोर उभं करून गाइड म्हणाला, “ह्याच इमारतीत बद्रुद्दीन शिकले.” मी पाच सेकंद थांबले. मग नाही राहवलं. म्हटलं, “अरे, ही इमारत १८८८ ची. तोवर ते चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि काँग्रेसचं अध्यक्षपदही उरकून बसले होते. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले हे खरं, पण ह्या छपराखाली नाही.” भाचीने माझा दंड दाबला. मुलगा मात्र अजिबात रागावला नाही. खिशातून पेन काढून हातावर लिहून घेतलं, म्हणाला, “काकू, आठ महिने हेच सांगतोय, कुणी बोललं नाही.” मला तो इथून पुढे आवडायला लागला. चूक दाखवल्यावर फाइल बंद करणारे अधिकारी मी फार पाहिलेत.

तिसरा थांबा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्या. पाचशे रुपयांतले तीनशे तरी इथेच वसूल झाले. सकाळचं ऊन अजून तिरकं होतं, आम्ही पायऱ्यांवर बसलो, आणि मुलाने वकिलाचा पुढारी कसा झाला ते सांगायला घेतलं.

१८७३ मध्ये महापालिकेत, १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात, चार वर्षांनी तब्येतीपायी राजीनामा. एवढं त्याने पटकन उरकलं, आणि योग्यच केलं. मग थांबला तो १८८३ वर. इल्बर्ट बिल. मुफस्सलातल्या, म्हणजे मोठ्या इलाखा-शहरांबाहेरच्या, हिंदी न्यायाधीशाला युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा, एवढीच त्या बिलातली मागणी. त्यावर गोऱ्यांनी देशभर आकांत मांडला. त्याला उत्तर म्हणून ह्याच टाउन हॉलात सभा भरली, आणि बोलायला उभे राहिले तिघे: फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी. एक पारशी, एक मराठी, एक सुलेमानी बोहरा, आणि तिघेही हायकोर्टातले वकील. पुढे १८८५ च्या जानेवारीत ह्याच तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत काँग्रेस जन्मली.

“आणि पहिल्या अधिवेशनाला बद्रुद्दीन अध्यक्ष होते का?” एका काकांनी विचारलं. गाइड हसला. “हजरसुद्धा नव्हते.” गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले तेव्हा तय्यबजी मुंबईबाहेर होते. लगेच टीका झाली की मुसलमानांनी पाठ फिरवली. त्यांनी ते खोडून काढलं. आणि दोन वर्षांनी, १८८७ च्या डिसेंबरात, मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच झाले. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, समोर ६०७ प्रतिनिधी. भाषणाचा गाभा मुलाने सोप्या मराठीत सांगितला: सगळ्यांच्या सामाईक हिताच्या प्रश्नात मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, हेच मला समजत नाही, असं ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. सोळातले दोघं तर शिट्टीच्या बेतात होते.

माझी तक्रार अशी की गोष्ट इथे टाळ्यांवर थांबवली. वकिलाच्या पुढारीपणातला सगळ्यात अवघड भाग ह्याच्यानंतर येतो. अलीगडचं कॉलेज काढणारे सर सय्यद अहमद खान काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले. तय्यबजींनी त्यांच्याशी १८८८ मध्ये पत्रव्यवहार केला, समजावून पाहिलं, जमलं नाही. मग त्यांनी काय केलं? काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक, ह्यूम, त्यांना लिहिलं की मुसलमानांचा मोठा भाग विरोधात जात असेल तर काँग्रेसची अधिवेशनं निदान पाच वर्षं थांबवा. अध्यक्षपद भूषवून वर्षही झालं नव्हतं! ते कुणी मानलं नाही. पण ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय चर्चेलाच घ्यायचा नाही, असा नियम त्याच वर्षीच्या अलाहाबाद अधिवेशनात झाला. मला ह्यात पुढारी कमी आणि वकील जास्त दिसतो. खटला हरण्याची चिन्हं दिसली की चांगला वकील अशिलाला सांगतो, तारीख घे, किंवा निदान वादाचे मुद्दे कमी कर. तो भ्याला म्हणा किंवा त्याने शहाणपण केलं म्हणा, पण सांगा तरी! एक पोरगा सोडला तर पायऱ्यांवर सगळी मोठी माणसं बसली होती, पहिलीचा वर्ग नव्हता.

मी हे तेव्हा बोलले नाही. एका सकाळी एकदाच मध्ये बोलायचं, असा भाचीशी करार झाला होता.

टाउन हॉल ते व्हीटी हे अंतर (मी व्हीटीच म्हणणार, जीभ वळत नाही) ह्या वॉकचा सगळ्यात वाईट तुकडा. सावली नाही, फुटपाथ खणलेला, साडेनऊचं ऊन. स्पीकरची बॅटरी ह्याच टप्प्यात गेली. पाण्याच्या बाटल्या देऊ असं तिकिटावर लिहिलंय, त्या सोळाला नऊ होत्या. बाथरूमची सोय कुठे आहे हे कुणी आधी सांगत नाही, आणि साठीच्या बायका हे विचारायला लाजतात, म्हणून मीच इथे लिहिते: स्टेशनात जाऊन या, तोवर थांबतात, पण विचारावं लागतं.

स्टेशनासमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत. बंद फाटकातून जेवढी दिसते तेवढी बघायची. संस्था १८७४ ची, तय्यबजी बंधू तिच्या मुळाशी. शेजारच्या गल्लीला बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग असं नाव आहे. एवढ्या वेळा त्या पाटीखालून घाईने गेले असेन, पण पाटी वाचायला रविवार लागला. गाइडने इथे शिक्षणाविषयी बोलून घेतलं: मुसलमान मुलांनी इंग्रजी शिक्षण घ्यावं म्हणून धडपड, घरातल्या मुलींना शाळेत घालणं, पडदा सोडणं. आणि एक मुद्दा, ज्याने मी चकित झाले. न्यायाधीश झाल्यावर माणूस सभांतून अंग काढून घेतो. तय्यबजी मात्र १९०३ मध्ये, हायकोर्टाचे न्यायाधीश असताना, मुंबईला भरलेल्या मोहामेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अध्यक्ष होते. ही सर सय्यद यांनी उभी केलेली परिषद. ज्यांच्याशी पत्रांतून भांडले त्यांच्याच मांडवात जाऊन बसले, आणि काँग्रेसबद्दलचं मत बदललं नाही. आमच्या कोर्टात दोन वकील दिवसभर एकमेकांची अब्रू काढायचे आणि संध्याकाळी एकाच टॅक्सीने दादरला जायचे. त्यातलंच.

आता हायकोर्ट.

हुतात्मा चौकातून वळसा घालून ओव्हलच्या बाजूला नेतात. रविवारी कोर्ट बंद, ही मंडळी आत नेत नाहीत, बाहेरूनच बघायचं. हे बुकिंग करताना ठळक लिहायला हवं होतं. दोन जण नागपूरहून आले होते, त्यांचा चेहरा पडला. पण समोरून ती इमारत दिसते तशी आतून कधी दिसत नाही, हेही खरं. कर्नल फुलर यांचं काम. १८७१ ला पाया घातला, १८७८ ला पुरी झाली. वर न्याय आणि दया अशा दोन मूर्ती.

आणि मग आलं माकड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हायकोर्टाच्या आत एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे, आणि गळ्यात वकिलाचे बँड्स घातलेला कोल्हाही. दंतकथा अशी की एका पारशी ठेकेदाराचा कज्जा कोर्टात बुडाला, त्याने असा सूड उगवला. बाहेरून हे दिसत नाही. म्हणून फाइलमधून फोटो निघाला. तो सोळा हातांतून फिरला. प्रत्येकाने त्याचा मोबाइलवर फोटो काढला. म्हणजे फोटोचा फोटो. मग माकडावरचे विनोद, मग वकिलांवरचे विनोद, मग एका काकांची स्वतःच्या सोसायटीच्या केसची कर्मकथा. घड्याळ लावलं होतं मी. पंचवीस मिनिटं.

मग मुलगा म्हणाला, “१८९५ च्या जूनमध्ये तय्यबजी ह्या कोर्टाचे न्यायाधीश झाले. पहिले मुस्लिम न्यायाधीश. १८९७ मध्ये त्यांनी लोकमान्य टिळकांना जामीन दिला. १९०२ मध्ये हंगामी मुख्य न्यायाधीश, ह्या पदावर बसलेले पहिले हिंदी. १९०६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला वारले. चला, चहा.”

चार मिनिटं. त्यात जामिनाला एक वाक्य.

तो एक स्टार इथे गेला. अहो, सगळी वाट त्या एका आदेशाकडे येत होती! वकील झाला, पुढारी झाला, न्यायाधीश झाला, आणि मग एक दिवस त्याच्या चेंबरमध्ये असा अर्ज आला की ज्यात तिन्ही माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. तिथे तुम्ही चहाला चला म्हणता?

भाची म्हणाली, “आत्या, करार मोडायला हरकत नाही.” मग मी ओव्हलच्या कुंपणाच्या कठड्याला टेकून बोलले. जे बोलले ते थोडक्यात लिहिते, कारण वॉकमध्ये हे मिळणार नाही.

२२ जून १८९७, पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर महिन्याभराने, २७ जुलैला, टिळकांना मुंबईत अटक झाली. ‘केसरी’तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा आरोप. जामिनाचा पहिला अर्ज प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे. फेटाळला. म्हणजे मी ज्या पायरीवर एकतीस वर्षं बसले त्याच पायरीवर. मग हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे. तिथेही नाही. रानड्यांचं नाव ऐकून दोन जणांनी लगेच भुवया चढवल्या. मी म्हटलं, थांबा, खटला तेव्हा अजून मॅजिस्ट्रेटपुढेच होता, एवढ्यावरून टिळक-रानडे वादाची उजळणी नको. पुढे खटला हायकोर्टाच्या सेशनला कमिट झाला, म्हणजे सुनावणीसाठी तिकडे सोपवला गेला, आणि बॅरिस्टर दावर यांनी अर्ज पुन्हा ठेवला. ह्या खेपेला चेंबरमध्ये न्यायमूर्ती तय्यबजी होते. तारीख ४ ऑगस्ट १८९७.

त्यांनी जामीन दिला. आणि त्यामागचा विचार ऐका. जामिनाचा प्रश्न एवढाच की आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील का. राहणार असेल तर त्याला आत ठेवून काय मिळवायचं? खटल्याला महिना आहे, तोवर तुरुंगात बसला तर बचावाची तयारी कशी करणार? आणि महिनाभर डांबून शेवटी निर्दोष ठरला तर त्याला न्याय म्हणायचं का?

एवढंच. यात टिळकांच्या मतांचा शब्द नाही.

मी किती जामिनाचे आदेश टाइप केले असतील देव जाणे. ‘गुन्ह्याचे गांभीर्य लक्षात घेता’ हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत, साहेबांनी ‘गु’ म्हणायच्या आत माझी ओळ पुरी व्हायची. साहेबांना दोष देत नाही, समोर बोर्डावर ऐंशी मॅटर्स असतात आणि दाराबाहेर पोलीस, वकील, आई, बायको असे सगळे उभे. पण गांभीर्य म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही, हे मला फार वर्षांनी कळलं. हजर राहील का, हा तो पुढचा प्रश्न. तय्यबजींनी तो पहिला विचारला, आणि तोही कुठल्या दिवसांत! पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्याचा खून झालेला, खुनी सापडलेला नाही, अँग्लो-इंडियन पत्रं टिळकांच्या नावाने पेटलेली. अर्ज ज्याच्यापुढे आला तो माणूस दहाच वर्षांपूर्वी काँग्रेसचा अध्यक्ष होता. टिळकही काँग्रेसचेच, पण प्रकृती पूर्ण वेगळी. तय्यबजी मेहतांच्या वळणाचे, अर्ज-विनंत्या आणि घटना मानणारे. जामीन दिला तर सरकार म्हणणार, बघा, शेवटी काँग्रेसवाला. नाही दिला तर कुणी काहीच म्हणणार नव्हतं. पार्सन्स-रानड्यांनी आधीच नाही म्हटलेलं, त्यामागे लपणं सोपं होतं.

खटला ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे उभा राहिला. नऊ जणांची ज्युरी, सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले. अठरा महिने सक्तमजुरी. मग जामिनाने काय साधलं, असं नागपूरच्या त्या गृहस्थांनी विचारलं. म्हटलं, महिनाभर वकिलांबरोबर बसता आलं. आरोपीचा तो हक्क असतो, निकालाशी त्याचा संबंध नाही.

मग मी त्यांना दावरांचं सांगितलं, आणि तिथे सगळे गप्प झाले. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे हेच दिनशा दावर १९०८ मध्ये न्यायमूर्ती म्हणून ह्याच इमारतीत बसले होते. जिनांनी टिळकांसाठी जामीन मागितला, तो दावरांनी नाकारला, आणि शेवटी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. तो खटला ह्याच इमारतीतल्या सेंट्रल कोर्ट नावाच्या दालनात चालला. तिथे संगमरवरी पाटीवर टिळकांचे ज्युरीच्या निकालानंतरचे शब्द आहेत, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी लावलेले. मी दोनदा पाहिलीय ती पाटी. ४ ऑगस्टच्या आदेशाची पाटी कुठे दिसली नाही. जामिनाच्या आदेशाची कोण पाटी लावणार म्हणा.

गाइड सगळं ऐकत होता. चहा पिताना (बनमस्का ताजा होता, मस्का भरपूर, इथे पैकीच्या पैकी) माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, “काकू, माकड काढलं तर लोक रिव्ह्यूत वाईट लिहितात.” खरं असेल. लोकांना माकड हवं असतं. मी म्हटलं, काढू नकोस, दहा मिनिटांवर आण. आणि हायकोर्ट शेवटी ठेवतोस ते बरोबर आहे, फक्त तोवर लोकांचे पाय गेलेले असतात. अंजुमन आधी घे, मग टाउन हॉल, म्हणजे ते ऊन चुकेल. आणि बॅटरी दुसरी ठेव.

कुणी जावं? कायद्याच्या मुलांनी जरूर. ज्यांना फक्त इमारती बघायच्यात त्यांनी नको, इथे कमानींबद्दल फारसं काही नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी टाउन हॉलपर्यंत यावं आणि तिथून टॅक्सी करावी, तसं चालतं, मी विचारून घेतलंय. तीन तास लिहिलंय, पावणेचार धरा. लहान मुलांना आणू नका. आमच्याबरोबरचा सात वर्षांचा मुलगा माकड सोडल्यास पूर्णवेळ रडला. सुट्टे पाचशे ठेवा, त्यांचं ऑनलाइन पेमेंट त्या दिवशी बंद होतं.

घरी आल्यावर जुना टाइपरायटर काढला. रिबन सुकलेली, शेवटी भाचीच्या लॅपटॉपवरच एक पान टाइप केलं: अटकेपासून खटल्यापर्यंतच्या तारखा आणि जामिनामागचं कारण चार ओळींत, वाचायला दोन मिनिटं लागतील इतकंच. लॅमिनेट करून मुलाला कुरिअरने पाठवलं. मिळालं असा त्याचा मेसेज आला, खाली हात जोडल्याचं चित्र. पान फाइलमध्ये लागलं की नाही, आणि लागलं तर माकडाच्या आधी की नंतर, हे बघायला पुढच्या महिन्यात भाचीला पुन्हा पाठवते आहे. तिकीट ह्या वेळी माझ्याकडून.